भिंतीबाहेरची रांग

बुकित पंजांग या उपनगराच्या मागच्या झाडीत एक जुनं चॅपल होतं. होतं म्हणजे जोतं उरलं होतं, दाराची एक दगडी पायरी, आणि पलीकडे ठेंगण्या भिंतीच्या आत पहिल्या चिनी ख्रिस्ती मळेवाल्यांच्या कबरी. शेजारून रस्ता जायचा होता. त्याआधी सगळ्याचा नकाशा करायचं काम मी घासाघीस करून मिळवलं. या परक्या देशात मी दुसऱ्यांची मोजणीची टेप धरायला आलो होतो; आता कंपनी माझी होती.

पहिल्याच सकाळी पायरीशी सेफ्टी बूट काढले. विचार करून नव्हे. देवाचं दार दिसलं की पाय आपसूक बुटांतून बाहेर येतात. तसाच अनवाणी भिंतीला वळसा घातला, तर पाचोळ्याखाली तळव्याला विटांची कड लागली. पाला सारला. हातभर लांबीचे विटांचे चौकोन, एकाशेजारी एक, सगळे भिंतीच्या बाहेर.

चर्चतर्फे आलेल्या म्हाताऱ्या चिनी बाईंना ते दाखवले. त्यांनी वाकून एका चौकोनावरची माती पुसली.

"बाप्तिस्म्याआधी गेलेली बाळं. तेव्हा त्यांना आत जागा देत नसत. माझ्या आईचं पहिलं इथेच कुठेतरी आहे."

रस्त्याच्या कामावरच्या सल्लागार कंपनीचे साहेब पुण्याचे. रांग बघून म्हणाले, "अहो, भिंतीबाहेरून रस्ता जायचाय. बागेच्या विटा असतील त्या."

"हातभर बाग?"

"तुम्ही मापं घ्या. इतिहास आमच्यावर सोडा." मग आवाज खाली आणून, "साइटवर बूट काढलेत तुम्ही. कळवलं तर बाहेर काढतील. मी बूट विसरतो, तुम्ही ती रांग विसरा."

आयुष्यभर सौदे केले, इतका सोपा कधी समोर आला नव्हता. "कळवा," म्हणालो. पुढे जे म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुपारी माझा साइटवर यायचा पास काढून घेतला. रांगेची मापं मी तरीही वरच्या ऑफिसला पाठवली. नियम मोडून घेतलेली मापं ग्राह्य नाहीत, असं उत्तर आलं. नकाशा दुसऱ्याने पुरा केला, भिंतीपर्यंतच.

आता तिथे गुळगुळीत रस्ता आहे. जोत्याशी फलक आहे, संपूर्ण दफनभूमी जतन केल्याचा. मृतांच्या स्मरणदिनी त्या बाईंनी मला बोलावून घेतलं. फुलं कुठे ठेवायची ते त्यांना ठरवता येत नव्हतं. मी डांबराकडे बोट दाखवलं. गाड्या थांबायची वाट पाहत आम्ही कडेला उभे राहिलो. त्या थांबल्या नाहीत. शेवटी बाईंनी फुलं भिंतीच्या पायथ्याशी ठेवली, बाहेरच्या अंगाला.