शालीआधी ती नोटीस

औरंगपुऱ्यातल्या आमच्या दैनिकात मी उपसंपादक म्हणून रुजू झालो, त्या सकाळी वेबसाइट सांभाळणारे शेख निसार सर संगणकासमोर बसून मनगटी घड्याळाकडे बघत होते. चहाची वाट बघत असावेत, असं मला वाटलं. सर आमच्याच वेबसाइटचं पान किती सेकंदांत उघडतं, ते मोजत होते. रोज दहाला मोजायचं आणि डायरीत लिहायचं, हा त्यांचा नेम. साधा दिवस माहीत नसेल तर वाईट दिवस ओळखणार कसा, असं ते विचारत.

चितेगावच्या एका कारखान्याचं सांडपाणी विहिरींत उतरतंय, ही बातमी आम्ही दिली आणि तो वाईट दिवस आला. वेबसाइटवरच्या भेटींचा आकडा एकदम चढला. व्यवस्थापकांनी पेढे मागवले. पान मात्र कोणाकडेच उघडेना. हातातला पेढा तसाच ठेवून सर म्हणाले, "साहेब, वाचक येतो, वाचतो, जातो. हे नुसतं दार ठोकून राहिलेत. झुंड लई मोठी हाय, पण त्यात वाचक एक बी नाय."

कोणीतरी हजारो यंत्रांकडून खोट्या भेटींचा लोंढा मुद्दाम सोडला होता. त्यापासून संरक्षण घ्या, असं सरांनी आधी तीनदा लेखी कळवलं होतं. एकाही पत्राला उत्तर नव्हतं. आता व्यवस्थापकांचा हुकूम आला, बातमीच काढून टाका.

सरांनी बातमी काढली नाही. जाहिराती, छायाचित्रं उतरवली, नुसत्या अक्षरांचं हलकं पान ठेवलं आणि लोंढा जिकडून येत होता त्या वाटा एकेक करून बंद केल्या. दुपारी चितेगावहून एका बाईंचा फोन आला. बातमी वाचून त्यांनी पोरांना विहिरीचं पाणी देणं थांबवलं होतं.

सरांना मिळाली कारणे दाखवा नोटीस. हुकूम मोडला, जाहिराती उतरवल्या. त्या कागदानं त्यांची बढती कायमची अडवली. पेढे मागवणाऱ्यांना कोणी काही विचारलं नाही.

पुढे त्याच व्यवस्थापकांच्या मुलीचा प्रवेश अर्ज शेवटच्या दिवशी उघडेना, तेव्हा सुट्टीवर असलेले सर पडेगावहून आले आणि अर्ज भरून देऊन गेले. मी चिडलो, तर म्हणाले, "मुलीचा काय कसूर, देशमुख?"

मुलीचा नाही. ज्यांचा आहे, ते सरांच्या साठीनिमित्त त्यांना शाल पांघरणार आहेत आणि हा लेखही त्यांनीच मागवला आहे. म्हणून इथंच लिहितो. शाल नंतर. आधी व्यासपीठावर, सगळ्यांसमोर, ती नोटीस मागे घ्या.

सरांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. समारंभाच्या दुसऱ्या दिवशी दहा वाजता ते घड्याळ घेऊन बसतील, तेव्हा त्यांच्या फाइलीत तो कागद नसावा.