मी गाडीच्या विरुद्ध बोलले ती दुपार

२००१ साली लग्न होऊन मी अमेरिकेत आले, तेव्हा नवऱ्याची नोकरी ओहायोतल्या एका मध्यम आकाराच्या शहरात होती. तिथे विमानतळ होता, युनिव्हर्सिटी होती, दोन मोठी हॉस्पिटलं होती. रेल्वे मात्र नव्हती. म्हणजे रूळ होते आणि त्यांवरून मालगाड्या जायच्या, पण माणसांची गाडी कित्येक वर्षांपूर्वी बंद पडली ती पडलीच. सगळ्यात जवळचं स्टेशन कारने अडीच तासांवर, आणि तिथेही गाडी यायची पहाटे तीनला. मला हे खरंच वाटेना. नवऱ्याला विचारलं तर तो हसला. म्हणाला, "इथे कोण जातंय ट्रेनने? तू आधी लायसन्स काढ."

लायसन्स काढायला मला अडीच वर्षं लागली. स्टिअरिंगसमोर बसलं की मी घाबरून गाडी बंदच करायचे. नोकरी करायची परवानगी नव्हती, घरात दिवस जात नसे, म्हणून मी सिटी बसने लायब्ररीत जायला लागले. तिथल्याच बसथांब्यावर त्या भेटल्या.

त्या सत्तरीच्या होत्या, शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. डोळ्यांच्या आजारामुळे त्यांना समोरचं नीट दिसायचं नाही, कडेचं तेवढं दिसायचं. त्यामुळे बोलताना त्या मान जरा वळवून बघायच्या, आणि पहिल्या दिवशी मला वाटलं की त्या दुसऱ्याच कुणाशी बोलतायत. गाडी चालवणं डॉक्टरांनी बंद केलं होतं. मी त्यांना तिथल्या रीतीप्रमाणे नावाने हाक मारायचे, पण मनातल्या मनात कधी एकेरीवर आले नाही.

बस तासाला एक. त्या तासात आमच्या गप्पा व्हायच्या. त्यांची एकुलती एक बहीण शिकागोजवळच्या एका गावात राहायची. पूर्वी त्या आमच्या शहरातल्याच स्टेशनवरून गाडीत बसायच्या आणि तिच्याकडे जायच्या. आता त्या स्टेशनच्या इमारतीत लग्नं लागायची. एकदा त्या लांब पल्ल्याच्या बसने निघाल्या, पाटी वाचता आली नाही म्हणून भलत्याच ठिकाणी उतरल्या आणि चार तास एका गॅस स्टेशनवर बसून राहिल्या. त्यानंतर बहिणीनेच त्यांना, एकटी येऊ नकोस, म्हणून सांगितलं.

मी त्यांना आमचे मे महिन्यातले प्रवास सांगायचे. आई आम्हा भावंडांना घेऊन मिरजेला मावशीकडे जायची. डब्यात पोळ्या आणि बटाट्याची कोरडी भाजी असायची, खिडकीसाठी भांडणं व्हायची, मावशी प्लॅटफॉर्मवर प्रत्येक डब्यात डोकावत आम्हाला शोधायची. त्या खोदून खोदून विचारायच्या. खिडकीला गज होते का? गाडी थांबायच्या आधी तुम्ही उठून उभे राहायचात का? रेल्वेबद्दल माझ्याकडे जे काही होतं ते सगळं त्यांना माहीत झालं होतं, आणि त्यात एकही वाईट आठवण नव्हती.

त्यांच्यासारख्याच काही लोकांनी मिळून शहरात पुन्हा गाडी यावी म्हणून सह्यांची मोहीम सुरू केली होती. मीही त्यांच्याबरोबर लायब्ररीच्या दारात क्लिपबोर्ड घेऊन उभी राहिले. तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत, भाड्याने घेतलेल्या शाळेच्या कॅफेटेरियात जेवणाची रांग लागली होती, तिथे फिरून मी साठ-सत्तर सह्या आणल्या. त्या दिवशी त्या इतक्या खूश झाल्या, की मला एकेक नाव मोठ्याने वाचायला लावलं.

मग मला मुलगी झाली, लायसन्स मिळालं, पुढे कामाची परवानगी आल्यावर एका इन्शुरन्स कंपनीत नोकरीही लागली. बसने जाणं सुटलं. आधी मी त्यांना दर आठवड्याला फोन करायचे, मग महिन्याला, मग नाताळात. तुम्हाला कुठे सोडायचं असेल तर सांगा, असं मी प्रत्येक फोनवर म्हणायचे. त्यांनी एकदाही सांगितलं नाही, आणि मला त्याचं बरंच वाटायचं, हेही इथे लिहायला हवं.

घर घेतलं ते शहराच्या कडेला, नव्या वसाहतीत. मागच्या अंगणापलीकडे झाडांची एक रांग आणि तिच्यापलीकडे रूळ. दिवसातून दोन मालगाड्या, त्याही सावकाश जाणाऱ्या. मुलगी डबे मोजायची. दीड वर्षाने बातमी आली, की याच रुळांवरून प्रवासी गाडी सुरू करायचा विचार चालला आहे, दिवसाला आठ फेऱ्या.

आमच्या गल्लीत एकच खळबळ उडाली. समोरच्या घरातली बाई सगळ्यांना एकत्र करत होती. ती बोलायला गोड, कामाला वाघ. घरांच्या किमती पडतील, मुलं रुळांवर जातील, असं तिचं म्हणणं. नवराही म्हणाला, "अगं, सगळं सेव्हिंग या घरात घातलंय. उद्या रीसेलला कोण घेणार?" मी विरोधाच्या अर्जावर सही केली. आपण याच गाडीसाठी सह्या गोळा केल्या होत्या, हे मी शेजारणीला सांगितलं नाही.

जाहीर सभा रविवारी दुपारी एका शाळेच्या जिममध्ये, म्हणजे खेळाच्या मोठ्या हॉलमध्ये होती. शेजारणीनेच माझं नाव बोलणाऱ्यांच्या यादीत घातलं होतं. लहान मुलीची आई बोलली तर लोक ऐकतील, असं तिचं मत. प्रत्येकाला तीन मिनिटं. माझ्याआधी आमच्या गल्लीतला एक जण घरांच्या किमतीवर बोलला, तेव्हा हॉलमध्ये कुजबुज झाली, मागे कुणीतरी हसलं. मी माईकपाशी गेले. लिहून आणलेल्या कागदावर आवाज, कुंपण, मुलांची सुरक्षितता असं सगळं होतं. दोन वाक्यं वाचली आणि लक्षात आलं, कुणी ऐकत नाहीये.

मग मी कागद खाली केला आणि म्हणाले, "मी भारतात रुळांच्या शेजारी वाढले. माझ्या वर्गातली एक मुलगी शाळेतून येताना गाडीखाली गेली. मी तिच्या मागेच होते."

असं काही झालं नव्हतं. आमच्या घरापासून रूळ दोन मैल लांब होते. पण हॉल एकदम शांत झाला, आणि त्या शांततेत मला थांबता आलं नाही. मी तिला लाल रिबिनी बांधल्या, तिचं दप्तर खडीवर पडलेलं दाखवलं, तिच्या आईला पळत आणलं. मला सगळं डोळ्यांसमोर दिसत होतं. पुढच्या रांगेतली एक बाई डोळे पुसायला लागली. शेवटी मी म्हणाले, की माझ्या मुलीच्या अंगणामागे मला ती गाडी नको.

टाळ्या वाजत असताना मी वळले आणि तिसऱ्या रांगेत मान जरा वळवून बसलेल्या त्या दिसल्या. माझा चेहरा त्यांना ओळखू आला नसता. आवाज मात्र ओळखू आला होता.

सभा संपल्यावर मी घाईने पार्किंगमध्ये निघाले होते. दारात त्या काठी घेऊन उभ्या. ज्यांच्याबरोबर आल्या होत्या त्यांना लवकर जावं लागलं होतं, आणि रविवारी बस नसे. हे त्या दारातल्या कुणाला तरी सांगत होत्या, ते कानावर आल्यावर मला पुढे जाणं शक्य नव्हतं. मी हाक मारली, घरी सोडते म्हटलं. त्यांनी माझा दंड धरला आणि गाडीपर्यंत चालत आल्या.

पहिली पाच-सात मिनिटं त्या माझ्या मुलीची चौकशी करत होत्या. मग एका सिग्नलला म्हणाल्या, "त्या मुलीबद्दल तू मला कधी सांगितलं नव्हतंस."

त्या क्षणी मी खरं सांगू शकले असते. सिग्नल लाल होता, गाडीत आम्ही दोघीच होतो. मी म्हणाले, "त्याबद्दल बोलायला फार त्रास होतो."

"हो, होत असेल," त्या म्हणाल्या, आणि घर येईपर्यंत खिडकीकडे बघत बसल्या.

ती गाडी आली नाही. त्याला आमची गल्ली कारण नव्हती. राज्याकडून पैसे मिळाले नाहीत, एवढंच पेपरात आलं. पण आमच्याकडे विजय साजरा झाला. शेजारणीने अंगणात बार्बेक्यू ठेवला आणि येणाऱ्या प्रत्येकाला माझी ओळख करून दिली, हिच्यामुळे झालं सगळं. मग आवाज खाली आणून त्या मुलीची गोष्ट. अनोळखी लोक येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवून जात होते. माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची. तिने ते ऐकलं आणि रात्री झोपताना विचारलं, "आई, वॉज शी युअर बेस्ट फ्रेंड?" मी हो म्हणाले.

त्यानंतर मला चैन पडेना. दोन-तीन महिन्यांनी कळलं, की त्या घर विकून बहिणीच्या जवळ, वृद्धांच्या एका निवासात राहायला चालल्या आहेत. मी गेले. घरभर खोकी होती. भाचा गाडी घेऊन येणार होता. मी कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळायला बसले आणि बऱ्याच वेळाने एकदाचं सांगून टाकलं, की ती मुलगी नव्हतीच, मी माईकसमोर उभ्या उभ्या रचली.

त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही. म्हणाल्या, "मला तिथेच कळलं होतं. गाडीत मी तुला विचारलं, ते तू सांगशील म्हणून."

मी माफी मागितली. त्यावर त्या म्हणाल्या, की घराची काळजी वाटणं त्यांना कळतं, तसं मी सरळ सांगितलं असतं तर त्यांनी वाद घातला असता आणि सोडून दिलं असतं. मग म्हणाल्या, "पण त्या हॉलमधले लोक अजून त्या पोरीसाठी हळहळतायत. मला सांगून काय उपयोग? त्यांना सांग."

सांगते म्हणाले. सांगितलं नाही. शेजारीण समोर दिसली की मी दुसराच विषय काढायचे, आणि जसजसे दिवस उलटले तसं ते अधिकच अवघड झालं. २००८ मध्ये नवऱ्याला टेक्सासमध्ये नोकरी मिळाली आणि आम्ही फ्रिस्कोला आलो. निघायच्या दिवशी शेजारणीने मला मिठी मारली आणि रडली. मीही रडले, तिला वाटलं, निरोपाचं आहे.

त्यांना मी फ्रिस्कोहून एक कार्ड पाठवलं. मोठ्या अक्षरांत लिहिलं, म्हणजे वाचता येईल. नवा पत्ता घातला, मुलीच्या शाळेबद्दल लिहिलं. तुम्ही सांगितलेलं केलं नाही, हे लिहायचं ठरवून बसले होते, पण कार्डात जागा उरली नाही, अशी स्वतःची समजूत घातली आणि पाकीट बंद केलं. उत्तर आलं ते बहिणीच्या हातचं. दोघी मजेत आहेत, रोज एकत्र जेवतात, एवढंच त्यात होतं.