डावीकडचा व्हॉल्व्ह

उंद्रीत आमच्या हेडमास्तरांनी पेटी वाजवणं सोडलं ते त्यांचे कान गेले म्हणून, असं सगळे समजतात. ते वारल्यावर त्यांच्या जलदान विधीला विहारात जो जो बोलायला उभा राहिला, त्यानं हेच सांगितलं. मी पुढे सतरंजीवर बसून मान हलवत होतो. त्यांचे कान गेले नव्हते. हे फक्त मला माहीत होतं.

चिखलीला माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान बंद केलं तेव्हा एक जुना व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर घरी आणला. कुणीतरी दुरुस्तीला टाकून विसरलेला. डावा आणि उजवा, दोन्ही स्पीकरांना त्यात वेगळे व्हॉल्व्ह, बल्बसारख्या काचेच्या नळ्या. भंगारात गेलेल्या रेडिओंतून काढलेले व्हॉल्व्ह माझ्याकडे पेटाराभर होते. एक काढायचा, दुसरा बसवायचा, तापू द्यायचा आणि तीच तबकडी पुन्हा लावायची, हा म्हातारपणीचा उद्योग झाला. बाहेरून सारखे दिसणारे दोन व्हॉल्व्ह एकाच गाण्याचा आवाज वेगळा करतात.

रविवारी विहारातली वंदना आटोपली की हेडमास्तर माझ्याकडे येत. आणखी दोघे-तिघेही चहाला असत. हेडमास्तर डोळे मिटून ऐकायचे आणि मांडीवर बोटं चालवायचे. विहारात बुद्ध-भीमगीतांना पेटीची साथ त्यांचीच असे. व्हॉल्व्ह ज्या गावच्या रेडिओतून निघाला, त्या गावाच्या नावानं ते त्याला ओळखत.

"मिस्त्री, हा सोनाळ्याचा रडका हाये. पिंपळगावचाच राहू द्या."

मी पिंपळगावचा ठेवायचो. त्यांच्या कानावर माझा माझ्या मीटरपेक्षा जास्त भरवसा होता.

मग पुतण्यानं पुण्याहून कोरे व्हॉल्व्ह आणून दिले. कुठल्याशा जुन्या गोदामातले, अजून डब्यात बंद असलेले. असा माल मी दुकान चालवतानाही कधी हाताळला नव्हता. आठवडाभर गावात सांगत फिरलो. रविवारी सगळ्यांसमोर डबे फोडले, व्हॉल्व्ह बसवले आणि तबकडी लावली.

हेडमास्तरांनी डोळे उघडले. "डाव्या बाजूनं बाई दाराआडून गाऊन राह्यली."

"नवा कोरा व्हॉल्व्ह हाये सर," मी म्हणालो. "कान म्हातारे झाले तुमचे."

"सरायले आता मशीन लावा," एकजण म्हणाला. "एक कानाले अन एक पेटीले."

सगळे हसले. हेडमास्तर खुर्ची बदलून बसले, त्यांनी एका कानात बोट घालून ऐकलं, मग दुसऱ्यात. "असंल बाप्पा," म्हणाले आणि त्यांनी चहा घेतला.

आमच्या धंद्यात एक साधी रीत आहे. एका बाजूचा आवाज बिघडला की डावा व्हॉल्व्ह उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावून बघायचा. बिघाडही दुसऱ्या बाजूला गेला तर दोष व्हॉल्व्हचा. पाच मिनिटांचं काम. दुकानात शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हे पहिल्या दिवशी शिकवलं. त्या रविवारी मी ते केलं नाही. नव्या डब्यातल्या मालावर संशय घ्यायचा, तोही सगळ्यांसमोर, मला जमलं नाही.

पुढे पौर्णिमेच्या कार्यक्रमाची तालीम सुरू झाली. हेडमास्तर मध्येच पेटी थांबवून गाणाऱ्याला विचारू लागले, "सूर बराबर लागून राह्यला ना?" त्यांनी असं कधी कुणाला विचारलं नव्हतं. उलट सगळे त्यांना विचारत. एका संध्याकाळी त्यांनी भाता बंद केला आणि पेटी बाजूला सारली. "तुमी दुसरं कोनी पाहा. मले कानाचा भरोसा नाही राह्यला." तेव्हापासून विहारात की-बोर्ड वाजतो. माझ्याकडेही त्यांनी येणं सोडलं.

त्यानंतर एका दुपारी धूळ झाडायला सगळे व्हॉल्व्ह काढले आणि परत लावताना सवयीनं डावा-उजवा बदलला. तबकडी लावली. गाणारी बाई आता उजव्या बाजूला दाराआड गेली होती.

मी तो व्हॉल्व्ह काढून पिंपळगावचा बसवला. आवाज मोकळा झाला. हेडमास्तरांचं घर विहाराच्या पलीकडच्या गल्लीत. जाऊन सांगायला हवं होतं. येतील कधीतरी, आपल्या कानानं ऐकतील, अशी मनाची समजूत घातली आणि गेलो नाही.

काही दिवसांनी ते एसटीच्या थांब्यावर भेटले. मी विचारलं, "कान कसे हाये सर?"

"हाये तसेच."

"वय झालं आता," मी म्हणालो.

पहिल्यांदा बोललो ते मिजाशीत, पण न कळून. हे मात्र सगळं कळून बोललो. त्यानंतर ते काही वर्षं जगले, आणि ते शब्द मी परत घेतले नाहीत.

जलदान विधी होऊन गेल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी सुपात तूर निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी हात थांबवला नाही.

"रोज सकायी घड्याळ कानाशी नेत," त्या म्हणाल्या. "टिकटिक ऐकू येऊन राह्यली म्हनत. मंग मलेही ऐकायले लावत, खरंच येते का म्हून." खडा वेचून त्यांनी बाजूला टाकला. "भाऊ, हे तुमी त्या दिवशी विहारात काऊन नाही सांगतलं? सारे होते तती."

घरी येऊन मी तो बिघडलेला व्हॉल्व्ह शोधून काढला.

पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर मी उभा राहिलो आणि जसं घडलं तसं सांगितलं. व्हॉल्व्ह खिशात नेला होता. तो हातोहात फिरला. मशीन लावा म्हणणारा आता स्वतः काठी घेऊन येतो. त्यानं व्हॉल्व्ह उजेडात धरून फिरवून पाहिला.

"याच्यात त काही बिघडेल दिसत नाही, मिस्त्री."

"दिसत नाही," मी म्हणालो. "सरांना ऐकू आलं होतं."

सतरंज्या गुंडाळायला सुरुवात झाली. बायकांमध्ये मागे बसलेल्या सरांच्या पत्नी उठल्या, दारात चपला शोधून पायात घातल्या आणि माझ्याकडे न बघता निघून गेल्या.