काकांच्या बशीतली आतडी

आतडं सगळ्यांनाच असतं, पण त्याचा एवढा अभिमान बाळगणारा माणूस अख्ख्या बोरीवलीत एकच, आमच्या समोरच्या फ्लॅटमधले काका. निवृत्त होईपर्यंत ते एका प्रयोगशाळेत काचेच्या बशीत उंदराची आतडी वाढवायचे. ती मोहरीएवढीही नसत, पण काका त्यांच्याबद्दल नातवंडांसारखं बोलायचे. सोसायटीच्या सत्यनारायणाला कोणी प्रसादाचा शिरा तोंडात घालायचा अवकाश, की हे सुरू, "खा, खा! आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं. नाहीतर आपल्या बिल्डिंगचं प्लास्टर बघा!" आमचा सेक्रेटरी तेव्हापासून प्रसाद घरी नेऊन खातो.

लिफ्टमध्ये सापडलो की शिकवणी ठरलेली. "अस्तराच्या खड्ड्यात तळाशी मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल असते रे. शेजारच्या पेशी तिला सारखा सिग्नल देतात, तू अशीच राहा. तिची पोरं वर सरकली की त्यांना तो पोचत नाही. मग ती मोठी होतात, कामाला लागतात." बशीत हा सिग्नल, म्हणजे एक प्रथिन, काकांनीच घालायचं आणि वेळेवर कमी करायचं. पण त्यांचा हात काही आखडायचा नाही. त्यांच्या पेशी नुसत्या फुगून गोल गोल बसायच्या, कामाची एक नाही. शेवटी सहकारीच म्हणायचे, "काका, लाड पुरे!"

काकू गेल्यावर घरात काका आणि मुलगी मनू, दोघंच. मग मनूही नोकरीसाठी कॅनडाला गेली. काका रोज सकाळी आठला फोन लावायचे, तिकडे तेव्हा संध्याकाळ. प्रश्न तेच, "जेवलीस का? पोट साफ होतं ना?" एकदा ती वैतागली, "बाबा, रोज नको ना!" काकांना बशी आठवली. "यावेळी चुकायचं नाही," असं मला सांगून त्यांनी फोन करणंच सोडलं. तिचा आला तरी दोन वाक्यांत ठेवायचे. आठच्या चहाला मग मला बोलावू लागले. बोलणं आतड्यांचं, नजर फोनवर.

गेल्या महिन्यात मनूने मला विचारलं, "दादा, बाबा रागावलेत का रे? रोज नको म्हटलं होतं मी. रविवारी तरी करायचा ना!" मी काकांना सांगितलं. ते बराच वेळ कप विसळत राहिले. मग म्हणाले, "कमी करायचा असतो, बंद नाही. बंद केला तर मूळपेशीच उरत नाही. प्रयोगशाळेतल्या नव्या पोरांना हेच शिकवायचो मी." मला फार वाईट वाटलं. त्यांनी लगेच फोन लावला. ती मैत्रिणींबरोबर बाहेर होती. "उद्या करते हं, बाबा," एवढंच म्हणाली.

त्या उद्याला तिला जमलं नाही. आता रविवारी तिचा फोन येतो, दहा-पंधरा मिनिटं. छान बोलते, पण घाईत असते. "मोठी झाली," काका म्हणतात, आणि त्यात आनंद किती नि हळहळ किती, मला कळत नाही. बाकीचे दिवस मी जातो. सकाळी आठला, चहाचा कप पुढे करत ते विचारतात, "जेवलास का रे?"

मी हो म्हणतो.