पऱ्हाटीची अर्धी मोळी

आमच्या असोदा गावात भरिताला नुसता बसून खाणारा पाहुणा नसतो. वांगी भाजायची, सोलायची, बडगीत, म्हणजे खोलगट लाकडी भांड्यात ठेचायची. ज्याला खायचं त्यानं हात लावायचा. याच रीतीपायी मी त्या दिवशी घोळ घालून ठेवला.

दोन-तीन देशांतल्या मदतसंस्थांनी मिळून आफ्रिकेतल्या दोन बायकांना आमच्या मळ्यात ठिबकवर भाजी पिकवणं शिकायला पाठवलं होतं. मोठी तिथल्या गावातली, तिला मी अक्का म्हणायचे. धाकटी शेजारच्या देशातल्या लढाईतून जीव वाचवून आलेली, त्याच गावालगतच्या छावणीत राहणारी. परत गेल्यावर दोघींनी गावच्या आणि छावणीच्या बायकांना घेऊन एकच वावर कसायचं होतं. नाही जमलं तर वावर बंद, आणि छावणीतल्या पोरांच्या ताटातली भाजीही बंद. इथं तर दोघी एकमेकींकडे बघतसुद्धा नव्हत्या. सोबतची दुभाषी मुलगी बिचारी दिवसभर दोघींच्या मध्ये बसून असायची.

म्हटलं, बघत नाहीत म्हणजे काय, मी बघते ना! हट्टी म्हणून मी माहेरापासून प्रसिद्ध. मळ्यात भरिताचा बेत केला आणि दोघींना फर्मावलं, "जा, दोघी मिळून पऱ्हाट्या उपटून आणा." कापूस वेचून झाला की वाळून उभी राहतात ती झाडं म्हणजे पऱ्हाट्या. त्यांच्या जाळावर वांगं भाजलं नाही तर ते भरीत कसलं?

धाकटी जागची हलेना. अक्का मात्र तडक आमच्या घराकडं निघाली, पिशवी भरून परत जायला.

"हाई काय शे वं?" हे काय चाललंय म्हणून मी दुभाषी मुलीवर ओरडले. चिडले की माझ्या तोंडून माहेरची, साक्रीकडची बोली निघते. तिनं मान खाली घालून सांगितलं, की तिथं सगळं पेटलं ते जळणावरूनच. छावणीतल्या लोकांनी गावाचं रान तोडलं, हाणामारी झाली. त्यात अक्काच्या मुलाचा डोळा गेला, आणि धाकटीचा भाऊ जळणाला गेला तो परतलाच नाही.

माय वं! आणि मी दोघींना जळण आणायलाच धाडलं होतं.

माझी आई साक्रीकडच्या डोंगरात मोळीला जायची. वरच्या गावच्या बायका तिची मोळी हिसकावून घ्यायच्या. आईनंही त्यांच्या हिसकावल्याच असतील. चूल पेटायला हवी असली की माणूस कुठल्या थराला जाईल, सांगता येत नाही.

मी धावत घरी गेले आणि दारातच उभी राहिले. "अक्का, तुला जाऊ देणार नाही. तिला माफ कर असं सांगणारी मी कोण? बोलू नको तिच्याशी, हसूही नको. पण एवढं बघ, पीक निघालं की जळण वावरातच उभं असतं. त्यासाठी रानात जायला लागत नाही. तुमच्याकडं कापूस होतो ना?"

मागोमाग धावत आलेल्या दुभाषी मुलीनं धापा टाकत तिला सांगितलं. अक्का म्हणाली, "होतो. झाडं आम्ही तिथंच पेटवून देतो." आणि हातातली पिशवी खाली ठेवली.

मळ्यात आलो तर धाकटीनं एकटीनंच पऱ्हाट्या उपटल्या होत्या. तळहात सोलवटले होते. बांधलेली मोळी तिनं जाळाच्या जागेकडं नेलीच नाही. ती अक्काच्या पायाशी ठेवली आणि मागं सरकून उभी राहिली.

अक्का मोळीकडं बघत राहिली. मग खाली बसली, गाठ सोडली, आणि अर्ध्या पऱ्हाट्या उचलून धाकटीपुढं ठेवल्या. मला रडू आवरेना. धूर डोळ्यात गेला म्हणायचीही सोय नव्हती, जाळ अजून पेटायचा होता.

त्या दोघी मैत्रिणी झाल्या असं मी म्हणणार नाही. जाईपर्यंत दोघींत जेमतेम कामापुरतं बोलणं झालं.

परवा दुभाषी मुलीचा फोन आला. वावर हिरवंगार आहे, वांगी लागली, कडेचा कापूस वेचून झाला. पण पाण्याच्या पाळीवरून दोघी सगळ्यांसमोर कडाकडा भांडल्या, म्हणून पोरगी घाबरली होती.

"आणि पऱ्हाट्या?" मी विचारलं.

"अर्ध्या गावात गेल्या, अर्ध्या छावणीत."

"मग भांडू दे त्यांना," मी म्हटलं. "वावर तेवढं सोडू नका म्हणावं."