सील शाबूत आहे

आमच्या मंडळात किस्से जमवायला कष्ट पडत नाहीत. चार मोठी माणसं दर महिन्याला एकत्र बसतात, खेळण्यांचे खोके बघतात आणि न उघडता परत ठेवून देतात. यातून दुसरं काय निघणार?

आम्ही जुने डायनासोर जमवतो. म्हणजे प्लास्टिकचे मॉडेल किट. खोक्यात सुटे पाय, शेपटी, जबडा असं सगळं येतं, ते जोडायचं आणि रंगवायचं. परदेशात आमच्या लहानपणी किंवा त्याआधी निघालेले हे खोके. त्यातही ज्याचं सील, म्हणजे वरचं प्लास्टिकचं वेष्टन, शाबूत, तोच खोका खरा. उघडला की भाव पडला, जोडला की संपलाच. बाकी जगात डायनासोर केव्हाच मेले, आमच्या मंडळात ते जोडल्यावर मरतात.

मंडळाचे अध्यक्ष डिमेलो सर, वसईच्या वाडीतले निवृत्त मास्तर. अध्यक्ष अशासाठी, की त्यांच्या ब्रॉन्टोसॉरसचं सील त्यांच्या लग्नाच्याही आधीचं आहे. त्यांच्या बायको रेजिनाबाई लग्न झाल्यापासून तो खोका पुसतायत. त्यांचं एकच मागणं, एकदा उघडा, आत कोण आहे ते मला बघू दे. सरांचं एकच उत्तर, "अगं, उघडल्यावर मग राहिलं काय?"

उरलेले आम्ही तिघं. तुळिंजचे कदम, विरारचा आयटीवाला मयूर आणि विमा कंपनीत नोकरी करणारी मी.

*

मी पहिल्यांदा कदमांकडे गेले तेव्हा त्यांनी दार उघडलं आणि माझ्या खांद्यावरून जिन्यात बघत राहिले.

"मिस्टर गाडी लावतायत का?"

"मिस्टर घरी आहेत."

"मग कलेक्शन?"

"माझं."

कदमांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि स्टेगोसॉरस म्हणजे काय ते समजावून सांगितलं. "पाठीवर पापड उभे केल्यासारखं दिसतं ना, तो." मी मान डोलावत ऐकून घेतलं. माझ्या पिशवीत स्टेगोसॉरसच होता, सीलबंद. तो बाहेर काढल्यावर कदमांनी सील चारी बाजूंनी तपासलं, मग म्हणाले, "मिस्टरांची चॉइस चांगली आहे."

*

याच कदमांकडे एसी एकच. तो बेडरूममध्ये, आणि बेडरूममध्ये कपाट उघडं ठेवून ट्रायसेराटॉप्स. दमट हवेने पुठ्ठा फुगतो म्हणे. मे महिन्यात त्यांच्या सासूबाई कणकवलीहून आल्या. त्या हॉलमध्ये पंख्याखाली वर्तमानपत्राने वारा घेत बसलेल्या आणि आत दिवसभर एसी चालू. शेवटी त्यांनी काळजीने विचारलं, "भितुर कोण आजारी आसा?"

"कुणी नाही आई, डायनासोर आहे."

सासूबाईंनी वळकटी उचलली आणि सरळ आत जाऊन आडव्या झाल्या. "मगे माका आजारी समज."

त्या जाईपर्यंत ट्रायसेराटॉप्स हॉलमध्ये होता. कदम आजही सांगतात, की पुठ्ठ्याचा डावा कोपरा सासूबाईंमुळे गेला.

*

मयूरला कुणीतरी नंबर दिला. कामणच्या एका गोदामात परदेशातून आलेली जुनी खेळणी पडली आहेत म्हणून. मयूरने वॉचमनला फोन लावला. बोलणं स्पीकरवर, आम्ही सगळे कान देऊन.

"माल है क्या?"

"है."

"सील है?"

"पूरा सील है साहब."

कदमांनी तर हातच जोडले. रविवारी आम्ही चौघं रिक्षाने कामणला. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला, मयूरने बबल रॅपचं भेंडोळं बगलेत मारलेलं. वॉचमनने आम्हाला थेट शटरपाशी नेलं. शटरला कुलूप, कुलपावर कापड, कापडावर लाल लाख आणि बाजूला सरकारी नोटीस.

"देखो," वॉचमन म्हणाला, "बोला था ना. पूरा सील है."

बाकीचे निमूट रिक्षाकडे वळले. कदम मात्र लाखेजवळ वाकून म्हणाले, "ओरिजिनल आहे."

*

मयूरचं लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट. मुलगी घर बघायला आली, याने कपाट दाखवलं. एकूण एक खोके बंद. तिने विचारलं, "हे कधी जोडणार?" हा म्हणाला, "जोडायचे नसतात, सांभाळायचे असतात." खोके बघताना आमची भाषाही तशीच असते. आधी कुणी हात लावलाय का, कुठे डाग नाही ना, घराणं कुठलं. त्या मुलीला ते तिथल्या तिथे कळलं असावं. तिच्या घरून निरोप आला, "मुलगा चांगला आहे, पण आमची मुलगी कपाटात राहणार नाही."

मयूरने तो निरोप आमच्या ग्रुपवर टाकला. खाली कदमांनी लिहिलं, "कपाटाचा फोटो पाठव, ह्युमिडिटी किती आहे?"

*

एकदा सरांनी आमच्यादेखत रेजिनाबाईंना झापलं. खोका पुसायला त्यांनी जरा ओलसर फडकं घेतलं होतं. "हातमोजे घालून हात लाव, किती वेळा सांगितलं?" रेजिनाबाई म्हणाल्या, "तुमच्या भाकऱ्या बिनहातमोज्याच्या थापते, त्या बऱ्या चालतात." कदम आणि मयूर हसले. मला नाही हसू आलं, मला सरांचा रागच आला. ज्या खोक्यात डोकावायची बाई इतकी वर्षं वाट बघते, त्याला हात लावायची सुद्धा तिने परवानगी घ्यायची. रेजिनाबाई मग घरच्या बोलीत काहीतरी सणसणीत बोलल्या. आम्हाला अर्थ कळला नाही. सरांना कळला, कारण त्यांनी विषय बदलला.

*

मागच्या नाताळला सरांनी आम्हाला घरी बोलावलं. घरापुढच्या ओट्यावर रेजिनाबाईंनी नाताळचा गोठा केला होता. पेंढा, बाळ येशू, मरिया, मेंढपाळ, मेंढ्या, गाढव, गायी. आणि गायींच्या मागे, गोठ्याच्या छपरावरून मान वर काढून, ती मान मागे वळवून स्वतःच्या शेपटीकडे बघणारा एक हिरवागार ब्रॉन्टोसॉरस. पायाच्या नखांना लाल नेलपॉलिश.

"बेथलेहेमला डायनासोर?" कदमांनी विचारलं.

"गाय आली, गाढव आलं, मेंढ्या आल्या," रेजिनाबाई म्हणाल्या. "यानेच काय पाप केलंय?"

मग तज्ज्ञ मंडळी वाकली. मयूर म्हणाला, "चायना माल आहे. ओरिजिनलला असे जॉइंट नसतात." कदम म्हणाले, "प्लास्टिक हलकं आहे, चतुर्थीच्या बाजारातलं असणार." सरांनी चष्मा पुसून नीट बघितलं आणि निकाल दिला. "हिला त्यातलं काही कळत नाही. दिसलं की उचलून आणते."

रेजिनाबाई गोठ्यातला पेंढा सारखा करत होत्या आणि त्यांचा चेहरा मी इतका खूश कधी पाहिला नव्हता.

आम्ही आत गेलो. सरांनी हातमोजे चढवले आणि नाताळचं खास दर्शन म्हणून आपला खोका बाहेर काढला. झाकणावर ब्रॉन्टोसॉरसचं चित्र, मान मागे वळवून स्वतःच्या शेपटीकडे बघणारा. सरांनी खोका हळूच हलवला. आत खडखडलं. "ऐका, सगळे पार्ट आहेत."

कदम खोक्याभोवती एक फेरी मारून आले. "सर, इतक्या वर्षांत सीलचं प्लास्टिक पिवळंसुद्धा पडलं नाही. काचेसारखं आहे. याला म्हणतात सांभाळणं."

"सील शाबूत आहे," सर म्हणाले.

मी चित्राकडे बघितलं, मग दारातून ओट्याकडे बघितलं. तेवढ्यात रेजिनाबाई केक आणि करंज्यांची ताटली घेऊन आल्या. माझ्या हातात करंजी ठेवताना कानाशी वाकून म्हणाल्या, "ताई, तुम्हाला कधी काही पॅक करून हवं असलं तर सांगा हं. माझा भाचा वालीवच्या फॅक्टरीत तेच काम करतो."