मामेसासऱ्यांनी काढलेली किंमत

माझ्या मामेसासऱ्यांइतका कोणाचीही बाजू न घेणारा माणूस उभ्या रायगड जिल्ह्यात सापडणार नाही. मामा मूळचे गव्हाणचे. पेशाने व्हॅल्युअर, म्हणजे घरांच्या किमती ठरवून देणारे. पण ही खोड धंद्यापुरती नव्हती. लग्नाच्या पंगतीत बसले की पानाकडे बघायच्या आधी हॉलच्या छताकडे बघायचे आणि "गळतंय," असं शेजारच्या अनोळखी माणसाला सांगून मोकळे व्हायचे. सख्ख्या बहिणीने, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मोठ्या हौसेने नवा बंगला दाखवला, तर "जिना चुकलाय" एवढंच बोलून ते जेवायला बसले. त्या वर्षीची भाऊबीज जरा गारच झाली.

म्हणूनच मी आणि माझ्या नवऱ्याने वेगळं व्हायचं ठरवलं आणि नवीन पनवेलच्या आमच्या फ्लॅटची किंमत काढायची वेळ आली, तेव्हा दोघांच्याही तोंडून एकच नाव आलं. कित्येक महिन्यांत आमचं एकमत झालेली ती एकुलती एक गोष्ट. घर मी ठेवणार होते, निम्मा वाटा त्याला देऊन. किंमत फुगली तर मला ते झेपणार नव्हतं, आणि उतरली तर त्याचं नुकसान. माझ्या वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. नवऱ्याचा सख्खा मामा? मी म्हटलं, तुम्ही त्यांना भेटला नाहीत अजून.

मामा रविवारी सकाळी आले. माझ्या हातचा चहा नाकारला, भाच्याने आणलेली खारी नाकारली. "आज मी कोणाचा नाय," असं दोघांना बजावून भिंती ठोकायला लागले. एकूण एक नळ सोडून पाहिला, प्रत्येक खोलीत खुर्ची टाकून डोळे मिटून बसले. नवऱ्याने विमानतळाचा विषय काढला, तर म्हणाले, विमान काय तुझ्या बाल्कनीत उतरणार नाय. मी बेडरूममधली ओल दाखवली, तर म्हणाले, रंग लाव, जाईल.

गडबड झाली ती स्वयंपाकघरात. ओट्याचा दगड कुठला, असं मामांनी सहज विचारलं. साधाच आहे, एवढं म्हणून मी गप्प बसायला हवं होतं. पण मी सांगत सुटले, की तो आम्ही स्वतः निवडला, उरण रस्त्यावरून टेम्पोत मागे बसून हातांनी धरून आणला. त्यावर नवरा म्हणाला, दगडात काही खास नाही, कोपरा उडालाय, आणि तो माझ्याच हातून उडाला. मी माझ्याच तोट्याचं बोलत होते आणि तो त्याच्या. ते आमच्या गावीही नव्हतं.

मामांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "दोघं जरा बाहेर उभी रा," ते हळूच म्हणाले. "मला काम करू द्या."

आम्ही बाल्कनीत उभे राहिलो, खूप दिवसांनी शेजारी शेजारी. आतून नाक शिंकरल्याचा आवाज आला. त्याचं खापर मामांनी नंतर धुळीवर फोडलं.

त्यांनी काढलेली किंमत आम्हा दोघांनाही आवडली नाही, म्हणजे ती बरोबर होती. वकिलांनी पुष्कळ घासाघीस केली, मामा तसूभर हलले नाहीत. मी कर्ज काढलं, घर माझं झालं, नवरा खारघरला राहायला गेला.

मामा अजूनही येतात. माझ्याकडे येऊन गेले की त्याच आठवड्यात भाच्याकडे जातात, आणि तेवढाच वेळ बसतात. परवा मी त्यांना विचारलं, आता नातं तर राहिलं नाही, मग तुम्हाला मी म्हणू तरी काय? मामांनी बराच विचार केला आणि मला ते सांगता यायचं नाय, असं म्हणून चपला घातल्या. जिन्याच्या वळणावर मात्र थांबले.

"येतो गं, सूनबाय," म्हणाले.

त्यांची पावलं ऐकू येईनाशी झाली, तरी मी दारातच उभी होते.